बेचाळीस पावलांपुढचा रस्ता

३ जानेवारी

धाकट्या,

वर आशीर्वाद लिहावा की नाही, या विचारात दोन कागद फुकट गेले. म्हणून तो न लिहिताच दिला असं समज.

पत्ता टँकरवाल्या मावसभावाने दिला. तू नावा रंगवतोस आणि तब्येत बरी आहे, एवढंच म्हणाला. पुढे विचारलं तर टँकरचं टायर तपासायला लागला. तूच त्याला सांगू नको म्हणाला असशील.

चार वर्षांनी पत्र बघून तुला वाटेल कुणी गेलं की काय. कुणी गेलेलं नाही, आजारीही नाही, माझे गुडघे सोडले तर. लेक सासरी सुखात आहे. दुकान चालू आहे. लिहायचं कारण वेगळंच.

तुझे भाऊजी गेल्यापासून मी दर आठवड्याला प्रार्थनाघरात जाते. तिथलं सगळं ज्या बघतात, त्यांना आम्ही मोठ्या बाई म्हणतो. आवाज असा की माइकने लाजावं. मागच्या महिन्यात प्रार्थना संपल्यावर त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "तुरुंगातून एक गृहस्थ सुटतायत, एकोणीस वर्षांनी. तिथल्या धोबीखान्यात काम करायचे. त्यांना काम आणि सोबत कोण देईल?" सगळ्यांना एकदम फरशीत काहीतरी बघण्यासारखं दिसलं. मी आपली केसांतली पिन नीट करायला हात वर केला, तर बाई गरजल्या, "वा, लाँड्रीवाल्या बाई!" टाळ्या वाजल्या. टाळ्या वाजल्यावर हात खाली कसा घ्यायचा, तूच सांग.

त्यांना आणायला काल मोठ्या बाईंबरोबर मी गेले. तुरुंगाच्या फाटकाशी मी याआधी दोनदा आले होते, ते तुला माहीत आहे. दोन्ही वेळा भेटीच्या रांगेतून आत गेले होते. कुणी सुटून बाहेर येताना कसं येतं, ते पाहिलं नव्हतं. रस्त्यात मी विचारलं, काय बोलायचं? उपदेशाचे दोन शब्द वगैरे? बाई म्हणाल्या, "आपण त्यांना सुधारायला चाललो नाही. शेजारी उभं राहायला चाललोय."

त्या मोठ्या फाटकात एक छोटं दार आहे. त्यातून ते वाकून आले. पन्नाशीच्या आतले, पण केस पांढरे, हातात एक प्लॅस्टिकची पिशवी. दार मागे बंद झालं तसे त्यांचे हात आपोआप पाठीमागे गेले. बाई त्यांच्या उजवीकडे जाऊन उभ्या राहिल्या. मी डावीकडे. आम्ही तिघं रस्त्याकडे तोंड करून फोटोला उभं राहावं तसे उभे. मग ते समोर बघतच म्हणाले, "जाऊ?"

कुणाला विचारलं कळेना. बाई म्हणाल्या, "तुमची इच्छा."

धाकट्या, त्या दोन शब्दांनी त्यांचा चेहरा जो झाला, तो मला सांगता येणार नाही. भीती होती, पण नुसती भीती नव्हती. लहान मूल पहिल्यांदा हात सोडून उभं राहतं ना, तेव्हा त्याच्या तोंडावर जसं असतं तसं. मग त्यांनी पाऊल टाकलं. एकच. थांबले, मागे पाहिलं. कुणी ओरडलं नाही. दुसरं टाकलं.

एवढंच सांगायचं होतं. उत्तर दे असं म्हणत नाही.

तुझी बहीण


२९ जानेवारी

धाकट्या,

पत्र परत आलं नाही, म्हणजे पोचलं. फाडलंस की ठेवलंस, ते तुझं तू जाण.

त्या गृहस्थांचं नाव दुकानात मौनीबाबा पडलंय. काउंटरवालीने ठेवलं. ती स्वतः दिवसभर बोलते, त्यामुळे हिशेब बरोबर जुळतो. ते प्रार्थनाघराच्या मागच्या खोलीत राहतात आणि सकाळी आठला दुकानाच्या दाराशी हजर असतात. दाराशी म्हणजे दाराशीच. दार नुसतं लोटलेलं असतं, तरी ते उघडत नाहीत. उभे राहतात. पहिल्या दिवशी मला पाऊण तासाने कळलं. म्हटलं, "अहो, ढकला की!" ते म्हणाले, "सवय नाही बाई. दार आपण उघडायचं नसतं." आता रोज मी आतून म्हणते, "ढकला." रोज ते दाराला हात लावतात, आणि ते उघडलं की दरवेळी त्यांना आश्चर्य वाटतं. मी ते आश्चर्य बघायला मुद्दाम हातातलं काम टाकून येते.

चहा की कॉफी विचारलं, तर त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ठरवताच येईना. काउंटरवाली म्हणाली, "बाई, साखर घालू का हे मात्र विचारू नका, माणूस कोसळेल." मी तिला डोळे वटारले, पण ते हसले. पहिल्यांदा.

चौथ्या दिवशी इस्त्री गरम होत असताना ते आपणहून म्हणाले, "मी माणूस मारलाय. मोठ्या बाईंनी सांगितलं असेल, पण ते मी सांगायला हवं. माझा मेहुणा होता. भांडण झालं, हातात पहार होती. मी चोवीस वर्षांचा होतो." मी हातातलं हँगर घट्ट धरलं होतं. म्हटलं, बरं. त्यांनी समोरचा सदरा ओढला आणि पाणी शिंपडलं.

आणि त्यांची इस्त्री! पंचवीस वर्षं मी या धंद्यात आहे, पण असं काम पाहिलं नाही. आधी कॉलर, मग खांदे, मग कफ, हे सगळेच करतात. हे खिसा उलटा काढून त्याच्या आतून इस्त्री फिरवतात. मी म्हटलं, आतलं कोण बघतंय? म्हणाले, "घालणारा हात घालतो ना." मी घरी जाऊन माझ्या स्वेटरच्या खिशात हात घातला आणि उगाच तशीच बसून राहिले.

एक अडचण आहे. संध्याकाळी मी त्यांना पाय मोकळे करायला घेऊन जाते, डॉक्टरने मलाही चालायला सांगितलंय. ते छान चालतात. आणि मध्येच गर्रकन वळून उलटे निघतात. बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की मी एकटीच बोलतेय, आणि ते पाठमोरे लांब गेलेत. तीनदा असं झाल्यावर मी पावलं मोजली. बेचाळीस. तुरुंगातलं अंगण भिंतीपासून भिंतीपर्यंत बेचाळीस पावलं होतं. एकोणीस वर्षं रोज. डोक्याला कळतं, पण पायांना कळत नाही, असं ते म्हणतात. त्यांनाच त्याची फार लाज वाटते. आता त्रेचाळिसाव्याला मीही वळते, म्हणजे दोघं मिळून वळलो असं दिसतं. लोकांना वाटत असेल, म्हातारीचं काहीतरी हरवलंय.

तुझे पाय किती पावलांवर वळत होते? मी कधी विचारलं नाही.

तुझी बहीण


२० फेब्रुवारी

धाकट्या,

थोडक्यात लिहिते, कामं पडलीयत.

मौनीबाबांसाठी मागच्या बाजूला, पडद्यापलीकडे, छान जागा करून दिली. तिथे शांत असतं, उजेडही बरा आहे. गिऱ्हाइकांची ये-जा नाही, म्हणजे त्यांनाही संकोच नको. पुलापलीकडच्या डॉक्टरीणबाई म्हणत होत्या की गावात त्यांची चर्चा आहे, मीच आपलं तुमच्या भल्यासाठी सांगते. भल्यासाठी सांगणाऱ्यांची आपल्याकडे कधीच टंचाई नव्हती. हॉटेलवाल्यांनी चादरी दुसरीकडे टाकायला सुरुवात केलीय, पण ते त्यांचं काहीतरी वेगळं कारण असेल.

पडद्याची कल्पना त्यांनाही आवडली. "बरं," म्हणाले.

प्रार्थनाघरात सगळे डोळे मिटून बसतात, हे डोळे उघडे ठेवून बसतात. मी विचारलं. म्हणाले, मिटले की मी तिथे जातो, उघडे ठेवले की इथे राहतो. मोठ्या बाई म्हणाल्या, मग उघड्या डोळ्यांनी करा, देवाला काय फरक पडतो? तेव्हापासून मीही अधूनमधून उघडून बघते. सगळ्यांचे मिटलेले चेहरे, आणि त्यात एकच माणूस खिडकीतल्या उजेडाकडे बघत बसलेला. प्रार्थना म्हणजे काय, हे मला इतक्या वर्षांत कुणी इतकं नीट दाखवलं नव्हतं.

बाकी ठीक.

तुझी बहीण


२ मार्च

धाकट्या,

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. पडद्याची कल्पना त्यांना आवडली वगैरे काही नाही. मला भीती वाटली, म्हणून मी त्यांना लपवलं. "गिऱ्हाईक आलं की पडद्याआड व्हा, आणि मी हाक मारल्याशिवाय बाहेर येऊ नका," असं मी सांगितलं होतं. त्यावर ते बरं म्हणाले. त्या माणसाने बरं शिवाय दुसरं काय म्हणायचं?

गुरुवारी सकाळी डॉक्टरीणबाई आल्या. मी डोळ्यांनी खूण केली, ते आत गेले. मग बाईंच्या गप्पा, मग लेकीचा फोन आला की नातवाला ताप आहे. मी काउंटरवालीला कुलूप लावायला सांगून तशीच लेकीकडे धावले. काउंटरवालीला वाटलं, ते मागच्या दाराने गेले. तिने कुलूप लावलं. नातवाचा ताप उतरला, जेवण झालं, चांगली झोप काढली मी. पाच वाजता येऊन दुकान उघडलं.

पडदा सरकवला, तर ते उभे होते. बसलेसुद्धा नव्हते. हात पाठीमागे, तोंड भिंतीकडे. सहा तास. मागचं दार त्यांच्यापासून दोन हातांवर होतं आणि त्याला नुसती कडी होती.

मी ओरडले, "अहो, गेला का नाहीत?"

ते म्हणाले, "तुम्ही हाक मारली नव्हती."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. तक्रारसुद्धा नव्हती, हेच मला सहन होईना. मी खाली, कपड्यांच्या गाठोड्यांवरच बसले आणि रडले. इतकी रडले की त्यांनीच मला पाणी आणून दिलं. आणि मग जे मी चार वर्षांत कुणालाही सांगितलं नाही, प्रार्थनेतसुद्धा नीट उच्चारलं नाही, ते त्यांना सांगितलं. तू सुटलास त्या दिवशीचं.

आता तुलाही सांगते. तुला माहीत आहे, हे मला माहीत आहे. तरी माझ्या हाताने लिहायला हवं.

तू दुपारी आलास. वर घरात लेकीला बघायला पाहुणे बसले होते, आणि मी त्यांच्यासाठी पेले घ्यायला खाली आले होते. काचेतून तू रस्ता ओलांडताना दिसलास. मी याच पडद्यामागे गेले. काउंटरवालीला म्हटलं, बाई बाहेरगावी गेल्यात असं सांग. तिने सांगितलं. तू तिथेच उभा राहिलास. तेवढ्यात मला खोकला आला. मी तोंडात रुमाल कोंबला, पण तू ऐकलंस. माझा खोकला तू लहानपणापासून ओळखतोस. तू हाक मारली नाहीस. काउंटरवालीला म्हणालास, "काही नाही, कपडे टाकायचे होते. नंतर येतो." आणि तुझ्या हातात कपडे नव्हते.

दारू पिऊन गाडी चालवलीस, दोन माणसं गेली, त्याची शिक्षा न्यायाधीशाने तुला दिली होती आणि ती तू भोगून आला होतास. त्यावरची जादा शिक्षा मी दिली. मला कुणी नेमलं नव्हतं.

हे ऐकून मौनीबाबा इस्त्रीची वायर गुंडाळत बसले. मग म्हणाले, "त्यांनी हाक मारली नाही, ते रागाने नसेल. सुटून आलेला माणूस दारात उभा राहतो, तेव्हा आतून नकारच येणार असं धरून आलेला असतो. तुम्ही घाबरलात, हे त्यांना त्या खोकल्यातच कळलं असेल. म्हणून ते तुम्हाला सोडवून गेले."

मला सोडवून. तुरुंगातून तू सुटून आलास आणि सोडवलंस मला. मी त्या माणसाच्या तोंडाकडे बघत राहिले. एवढं त्याला कुठून समजतं?

आणि पहिल्या पत्रातली ती केसांतली पिन, ती नव्हतीच. प्रार्थनाघरात मी मुद्दाम हात वर केला होता. तुझ्यासाठी जो कधी केला नाही, तो.

शुक्रवारी मी पडदा काढून टाकला. त्यांचं टेबल पुढच्या काचेशी मांडलं, रस्त्यावरून सगळ्यांना दिसेल असं. काउंटरवाली म्हणाली, "बाई, जी काही चार गिऱ्हाइकं उरलीत तीही जातील." मग स्वतःच टेबलाचं दुसरं टोक उचलायला आली. ती म्हणाली, "तुमचे भाऊ आले त्या रात्री मलापण झोप नव्हती लागली. खोटं बोलले मी होते ना." हेही तुला कळवायचं होतं.

एक विचारायचं आहे. ते बेचाळीस पावलांचं अजून सुटत नाही. मोठ्या बाईंनी डॉक्टरला दाखवलं, मी हात धरून पाहिलं. पाय वळतातच. याला काय करतात, ते आम्हा बाहेरच्यांना कसं कळणार? तुला ठाऊक असेल तर कळव. मला नको, त्यांना कळव. दुकानाचा नंबर तोच आहे.

तुझी बहीण


१९ मार्च

धाकट्या,

तुझा फोन आला.

मौनीबाबांनी आजवर फोनला हात लावला नव्हता. घंटा वाजली की दचकून सरळ उभे राहायचे, आतल्या हजेरीसारखे. त्या दिवशी काउंटरवाली डबा खात होती, माझे हात खळीत बरबटलेले. घंटा वाजत राहिली. मी म्हटलं, "उचला, तुमची इच्छा असेल तर." त्यांनी उचलला. "लाँड्री," म्हणाले. मग म्हणाले, "हो, मीच."

पुढची चाळीस मिनिटं मी त्या माणसाला बोलताना पाहिलं. अडीच महिन्यांत ते जेवढं बोलले नसतील तेवढं. मला एकच बाजू ऐकू येत होती. "हो, रात्री दिवा लागतो मलाही… नाही, चमचा अजून पिशवीत ठेवतो… तुम्ही किती वर्षं?… मग पाऊस आला की?… हो! हो, तेच!" आणि ते मोठ्याने हसले, धाकट्या. काउंटरवालीचा घास हातातच राहिला. चादरीवरची खळ वाळून कडक झाली, पण मी हललेसुद्धा नाही. एवढ्याशा फोनमधून दोन माणसं एका अशा जागेत जाऊन बसली होती, जिथे मला जाता येणार नाही. आणि मला वाईट वाटण्याऐवजी मान खाली घालावीशी वाटली, जशी प्रार्थनाघरात वाटायला हवी आणि बहुतेक वेळा वाटत नाही.

फोन ठेवल्यावर मी विचारलं, "कोण होतं?"

"तुमचे भाऊ."

"मला का नाही दिलात?"

"त्यांनी मागितलं नाही," ते म्हणाले. मग इस्त्री उचलत म्हणाले, "आणि मला अजून बोलायचं होतं."

तू काय म्हणालास, ते मी खोदखोदून विचारलं. "ते आमच्यातलं," म्हणाले. एकच गोष्ट सांगितली. रिकाम्या हाताने चालू नका, असं तू म्हणालास. ज्याला कुठेतरी काहीतरी पोचवायचं असतं, त्याचे पाय मध्येच वळत नाहीत. हे तू कुठे शिकलास? कुठल्या रस्त्यावर वळत राहिलास, आणि कितव्या दिवशी, काय हातात घेऊन सरळ गेलास? मी त्या वेळी कुठे होते, ते तर आपल्या दोघांनाही माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी डॉक्टरीणबाईंचे कपडे बांधले. त्यांचा बंगला पुलापलीकडे, पार शेवटी. नेहमी त्यांचा ड्रायव्हर येतो. हे म्हणाले, मी पोचवतो. मी मागून निघाले. पावलं मोजायची नाहीत असं ठरवलं होतं, पण मोजलीच. चाळीस. एकेचाळीस. बेचाळिसाव्याला त्यांचा खांदा फिरला, मला स्पष्ट दिसलं. त्यांनी गाठोडं छातीशी आवळलं. आणि त्रेचाळिसावं पाऊल पुढे पडलं.

मी भर रस्त्यात दोन्ही हातांनी तोंड झाकलं. एक सायकलवाला म्हणाला, "मावशी, बरं वाटत नाही का?" त्याला काय सांगू?

पुलापर्यंत मी कशीबशी गेले. पुढे गुडघे म्हणाले पुरे. मी कठड्याशी बसले. ते पुढे गेले, पूल ओलांडला, बंगल्याची घंटा वाजवली. डॉक्टरीणबाई स्वतः दारात आल्या. काय बोलणं झालं ते ऐकू आलं नाही, पण त्यांनी वरच्या कपड्याची घडी उलगडून पाहिली, आणि मग दोन्ही हातांनी गाठोडं घेतलं. मला वाटलं, आता हे परत फिरतील. हात रिकामे झाले होते.

ते फिरले नाहीत. बंगल्यापुढे रस्ता शेतांमधून सरळ जातो, आणि ते तसेच सरळ निघाले. लहान होत गेले. बोटाएवढे, मग मुंगीएवढे. एकदा वाटलं हाक मारावी. मारली नाही. सगळा रस्ता आणि वरचं सगळं आभाळ त्या एवढ्याशा ठिपक्यासाठी मोकळं सोडलंय असं वाटत होतं. मी जन्मभर याच गावात राहिले, पण तो रस्ता एवढा लांब आहे, हे मला ठाऊक नव्हतं.

तासाभराने आले. घामाने सदरा पाठीला चिकटलेला, बूट धुळीने माखलेले. माझ्याशेजारी कठड्यावर बसले आणि कितीतरी वेळ नुसता श्वास घेत राहिले. मग म्हणाले, "अक्का, तो रस्ता संपतच नाही."

मी वळून त्यांच्याकडे पाहिलं. या गावात सगळे मला बाई म्हणतात, मावशी म्हणतात, लेक आई म्हणते. ते स्वतः कालपर्यंत बाईच म्हणत होते. अक्का मला जगात एकच माणूस म्हणतो, आणि मी त्यांना ते कधी सांगितलं नव्हतं.

अक्का